बाळाची झोप वाढवायची नाही, रात्रीकडे सरकवायची आहे

माझ्या लेकीच्या पहिल्या तीन महिन्यांची वही मी जपून ठेवली आहे. दर दिवसाला एक पान: कधी प्यायली, कधी झोपली, कधी उठली, किती लंगोट ओले झाले. अठराव्या दिवसाच्या पानावर मध्यरात्रीनंतरच्या नोंदी अशा आहेत: १२.१० प्यायली. १२.५५ झोपली. १.२० उठली, पुन्हा प्यायली. २.४० झोपली. ४.०५ उठली. त्याखाली अक्षर नाही, नुसती रेघ आहे. पेन कागदावरून घसरत खाली गेलंय. तिथे माझा डोळा लागला होता.

"रात्रीची झोपते का गं?" हे त्या दिवसांत भेटणारं प्रत्येक जण विचारायचं, आणि "नाही" म्हटलं की लगेच उपाय सांगायचं. एकाचा उपाय दुसऱ्याच्या उलट. फोनवर शोधलं तर आणखी शंभर. एका दुपारी मी वही उघडली आणि त्या अठराव्या दिवसाची सरळ बेरीज केली. चोवीस तासांत ती पंधरा तास झोपली होती.

म्हणजे "बाळ झोपत नाही" ही माझी तक्रारच चुकीची होती. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली तज्ज्ञांकडून वयानुसार झोपेचे तास ठरवून घेतले, त्यात पहिल्या तीन महिन्यांच्या बाळासाठी १४ ते १७ तास सांगितले आहेत. ती तेवढी झोपत होती. फक्त ती झोप दोन-दोन, तीन-तीन तासांचे तुकडे होऊन दिवसरात्र विखुरलेली होती, आणि तिला दिवस-रात्र कळत नव्हतं. एकदा हे लक्षात आलं की पुढचे सगळे सल्ले पारखायला सोपे जातात. बाळाला जास्त झोपवायचं नाहीये. आहे तीच झोप हळूहळू रात्रीकडे सरकवायची आहे, आणि ते होईपर्यंत सगळ्यांनी सुखरूप राहायचं आहे.

झोप येते कशी?

आपल्याला, म्हणजे मोठ्यांना, रात्री झोप येते त्यामागे दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे जागेपणी साठत जाणारी झोपेची गरज. सकाळी उठल्यापासून एक बादली थेंब थेंब भरत जाते, रात्रीपर्यंत काठोकाठ येते आणि झोपेत रिकामी होते. तान्ह्या बाळाकडे बादली नसते, वाटी असते. तासाभराच्या जागेपणात ती भरते आणि दोन-तीन तासांच्या झोपेत रिकामीही होते. म्हणून पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं एवढं होईपर्यंत बाळ पुन्हा पेंगुळलेलं दिसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जैविक घड्याळ. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावरून तो दिवस आणि रात्र ओळखतो. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात वाढतं आणि "रात्र झाली" हा निरोप शरीरभर जातो.

पोटात असताना आईचं मेलाटोनिन वारेतून बाळापर्यंत पोहोचत असतं. आईची रात्र तीच बाळाची रात्र. नाळ कापली की तो निरोप थांबतो. बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन रात्री जास्त आणि दिवसा कमी अशा ठेक्यात साधारण दोन ते तीन महिन्यांच्या सुमाराला येऊ लागतं. मधले आठवडे बाळाकडे घड्याळ असतं, पण ते लावलेलं नसतं. लांबच्या देशातून विमानाने आलेला माणूस भर दुपारी पेंगतो आणि मध्यरात्री टक्क जागा असतो, तसंच काहीसं. त्याला आपण "तुम्हाला वाईट सवय लागली" असं म्हणत नाही.

झोपेच्या अभ्यासाचे एक आद्य संशोधक नॅथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली तान्ह्या बाळांच्या झोपेचे तक्ते प्रसिद्ध केले. एका बाळाचा तक्ता तर सहा महिन्यांपर्यंतचा आहे, एकेका दिवसाची एकेक ओळ. वरच्या ओळींमध्ये झोपेच्या रेघा पानभर पांगलेल्या दिसतात. खाली खाली येताना त्या एका बाजूला, रात्रीच्या बाजूला, गोळा होत जातात. तो तक्ता पाहिल्यावर माझी वही मला वेगळी दिसली. आपल्याला ओळी खाली उतरेपर्यंत धीर धरायचा असतो, आणि जमेल तेवढी मदत करायची असते.

(बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर हे आठवडे जन्मतारखेपासून मोजू नका. डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजा. घड्याळ त्या हिशेबाने लागतं.)

आणि पोट

घड्याळ उद्या लागलं तरी पोट रात्रभर थांबणार नाही. नवजात बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, कारण पोट लहान, दूध लवकर पचणारं आणि वाढ झपाट्याची. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं. साधारण १० ते १४ दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. तोवर बाळ स्वतः उठलं नाही तरी दर तीन-चार तासांनी उठवून पाजायचं असतं, रात्रीसुद्धा. वजन नीट वाढतंय असं डॉक्टरांनी सांगितल्यावर रात्रीचा एखादा लांब पल्ला बाळावर सोडता येतो.

संध्याकाळी काही बाळं अर्ध्या-अर्ध्या तासाने प्यायला मागतात. आईला वाटतं, आपलं दूध कमी पडतंय. बहुतेक वेळा तसं नसतं. ओले लंगोट भरपूर असतील आणि वजन वाढत असेल तर मागेल तसं पाजावं.

झोपेत कण्हतं, हातपाय झाडतं, तरी ते झोपलेलं असतं

रात्रीच्या झोपेबद्दल मला सगळ्यात उपयोगी पडलेली माहिती हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९५३ सालीच क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी युजीन अ‍ॅसेरिन्स्की यांनी झोपेचा एक वेगळा टप्पा जगापुढे मांडला. त्यात बंद पापण्यांआड डोळे भरभर फिरत असतात आणि मेंदू जवळपास जागेपणाइतकाच कामात असतो. मोठी माणसं स्वप्नं बघतात ती बहुतेक याच टप्प्यात. अ‍ॅसेरिन्स्की यांची सुरुवात झाली होती ती झोपलेल्या तान्ह्या बाळांच्या पापण्या निरखण्यापासून. बाळांच्या बाबतीत या टप्प्याला "सक्रिय झोप" म्हणतात. उरलेली ती "शांत झोप".

मोठ्यांच्या झोपेत या टप्प्याचा वाटा साधारण एक पंचमांश ते पाव असतो. नवजात बाळाच्या झोपेत तो जवळजवळ निम्मा असतो. शिवाय मोठ्यांचं शरीर या टप्प्यात बरंचसं निपचित असतं, बाळाचं तेवढं नसतं. ते कण्हतं, कुंथतं, तोंड वेडंवाकडं करतं, हसतं, हात उडवतं, एखादा बारीक रडका आवाजही काढतं. डोळेसुद्धा किलकिले होतात. श्वास कधी भरभर चालतो, कधी पाच-दहा सेकंद थांबल्यासारखा होऊन पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा आईबाप होणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, पण एवढ्याशा थांब्याला घाबरायचं कारण नसतं.

झोपेचं एक आवर्तन, म्हणजे सक्रिय आणि शांत झोपेची एक फेरी, बाळाच्या बाबतीत ५०-६० मिनिटांची असते. आपली दीड तासाची. म्हणजे रात्रीत कितीतरी वेळा बाळ एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जाताना चुळबुळ करणारच.

आपण काय करतो? पहिल्या कुंथण्याला उठतो, दिवा लावतो, बाळाला उचलतो, आणि झोपलेल्या बाळाला खरोखर जागं करतो. मीही तेच करत होते. नंतर मी स्वतःला एक शिस्त लावली: आवाज आला की डोळे उघडायचे, बाळाकडे बघायचं, आणि मनात शंभर आकडे मोजायचे. रडणं चढत गेलं, मूठ तोंडात गेली, मान इकडेतिकडे वळवून दूध शोधायला लागली तर लगेच घ्यायचं. नाहीतर हात मागे. वहीत त्या आठवड्यापासून "उठली" या नोंदी रात्रीतून एक-दोनने कमी झाल्या आहेत. बाळ तेच होतं. त्या आधीच्या एक-दोन वेळा मीच तिला उठवत होते.

मग घड्याळ लवकर लावता येतं का?

घाईने नाही, पण दिशा देता येते. आणि ते काम रात्रीपेक्षा दिवसा जास्त होतं.

ब्रिटनमधल्या इव्हॉन हॅरिसन यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५६ निरोगी बाळांची सहाव्या, नवव्या आणि बाराव्या आठवड्यात झोप आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारा उजेड मोजला होता. रात्री चांगली झोपणाऱ्या बाळांना दुपारी लवकर, म्हणजे बारा ते चारच्या दरम्यान, जास्त उजेड मिळत असल्याचं त्यात दिसलं. एवढ्या एका अभ्यासावरून कायदा होत नाही, पण घड्याळ उजेडावर लागतं हे माहीत असताना तो पटण्यासारखा आहे.

म्हणून दिवसा पडदे उघडे ठेवा. बाळ झोपलेलं असलं तरी घर कुजबुजतं करू नका. भांडी वाजू देत, माणसं बोलू देत. पाजताना बोला, गा, डोळ्यांत बघा. थेट कडक उन्हात बाळाला ठेवायचं नाही. खिडकीजवळचा किंवा सावलीतला उजेड पुरेसा असतो. रात्री याच्या बरोबर उलट. वाचता येणार नाही इतका मंद, पिवळसर दिवा. पाजायचं, ढेकर काढायचा, शी केली असेल तरच लंगोट बदलायचा आणि परत ठेवायचं, गप्पा नाहीत. पाजताना आपल्या हातातल्या फोनचा उजेडही बाळाच्या तोंडावर पडत असतो, हे सहज विसरतं.

आईच्या दुधात रात्री मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं. निसर्गाने बाळाला घड्याळाचा एक उसना काटा दिलाय म्हणा ना. दूध काढून साठवत असाल तर बाटलीवर वेळ लिहून ठेवा आणि रात्रीचं दूध रात्री पाजा. फार कष्टाचं काम नाही.

रोज झोपण्याआधी त्याच दोन-तीन गोष्टी त्याच क्रमाने करणंही चांगलं: अंग पुसणं, कपडे बदलणं, दूध, एकच अंगाई. पहिल्या महिन्यात बाळाला यातलं काही कळत नाही. तिसऱ्या महिन्यापर्यंत कळायला लागतं.

मांडीवर झोपतं, खाली ठेवलं की उठतं. हे का?

जपानमधल्या राइकेन या संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली याच प्रश्नावर काम केलं. सात महिन्यांपर्यंतच्या २१ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजत त्यांनी आयांना वेगवेगळ्या गोष्टी करायला सांगितल्या. रडणाऱ्या बाळाला घेऊन नुसतं बसण्यापेक्षा सलग पाच मिनिटं सरळ चालत राहिल्याने बाळं जास्त शांत झाली, बरीचशी झोपलीसुद्धा. आणखी एक गोष्ट दिसली. बाळाला जाग येण्याची सुरुवात गादीला पाठ टेकल्यावर होत नाही, ती आईच्या अंगापासून सुटं होताना होते. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं बाळाला घेऊन बसून राहिलं आणि मग ठेवलं, तर उठण्याचं प्रमाण कमी होतं.

बाळं थोडी होती, त्यामुळे तुमच्या बाळाने हे वाचलेलं असेलच असं नाही. पण खर्च काही नाही. पाच मिनिटं चाला, आठ मिनिटं बसा, मग आधी पाय-ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं असं टेकवा आणि छातीवरचा आपला हात मिनिटभर तसाच राहू द्या.

दुपट्यात गुंडाळल्याने दचकून उठणं कमी होतं. नवजात बाळ आपल्याच दचकण्याने हात फेकतं आणि जागं होतं. मात्र गुंडाळताना हात छातीजवळ नीट बसतील आणि कमरेखाली पाय मोकळे मुडपता येतील असं गुंडाळायचं. पाय सरळ करून आवळले तर खुब्याच्या सांध्याला अपाय होऊ शकतो. गुंडाळलेलं बाळ कायम उताणंच झोपवायचं. कुशीवर वळायची धडपड दिसली की त्या दिवसापासून दुपटं बंद.

पंख्यासारखा एकसुरी आवाज काही बाळांना आवडतो. त्यासाठी मिळणारी १४ यंत्रं टोरोंटोतल्या संशोधकांनी तपासली आणि २०१४ साली निष्कर्ष मांडले: पूर्ण आवाजावर, फूटभर अंतरावर ठेवल्यास प्रत्येकाचा आवाज रुग्णालयातल्या नवजात कक्षासाठीच्या ५० डेसिबलच्या मर्यादेबाहेर जात होता. म्हणून यंत्र किंवा फोन उशाशी नको. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, बारीक आवाजात, आणि झोप लागल्यावर बंद.

उताणंच का? यावर मी अडून बसते

बाळ पालथं झोपवलं तर जास्त वेळ आणि गाढ झोपतं, असं कोणीतरी तुम्हाला सांगेल. ते खरंही आहे. धोका नेमका तिथेच आहे.

झोपेत अचानक, कारण न सापडता होणारे तान्ह्या बाळांचे मृत्यू जगभर होतात. सगळ्यात जास्त दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान, आणि बहुतेक सगळे सहा महिन्यांच्या आत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अनेक देशांत डॉक्टरच पालथं झोपवायला सांगत होते. १९८०च्या दशकात नेदरलँड्स, न्यूझीलंड आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी, ब्रिस्टलच्या पीटर फ्लेमिंग यांच्यासारख्यांनी, पालथ्या झोपेचा आणि या मृत्यूंचा संबंध दाखवला. १९९१ साली ब्रिटनने आणि १९९४ साली अमेरिकेने "बाळाला उताणं झोपवा" अशी मोहीम काढली. नवं औषध नाही, यंत्र नाही, नुसती कूस बदलली. दोन्हीकडे हे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

पालथ्या बाळाच्या तोंडाजवळ त्याचाच सोडलेला श्वास साठतो, अंगातली उष्णता कोंडते, आणि प्राणवायू कमी पडला तर चटकन जाग येऊन मान वळवायची ताकद त्या गाढ झोपेत कमी होते. म्हणजे सहज जाग येणं हे तान्ह्या बाळाचं संरक्षण आहे. रात्री तीन वाजता कडेवरच्या बाळाकडे बघताना मला हे वाक्य आठवायचं आणि खरंच बरं वाटायचं.

म्हणून दर झोपेला, दुपारच्या डुलकीलाही: पाठीवर, सपाट, टणक गादीवर, घट्ट बसणारी चादर आणि बाकी काही नाही. उशी नाही, लोड नाही, खेळणी नाहीत, सैल पांघरूण नाही, वजनदार दुपटी नाहीत. बाळाची जागा मोठ्यांच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वेगळी. निदान पहिले सहा महिने. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणं हे सगळ्यात धोक्याचं. डोळे मिटायला लागलेत असं वाटलं तर उठून बाळाला त्याच्या जागी ठेवा किंवा दुसऱ्याकडे द्या. घरात सिगारेट-बिडी नको, बाळापासून लांब ओढली तरी नको.

"उताणं झोपलं आणि दूध बाहेर काढलं तर गुदमरेल ना?"

आज्यांना हीच भीती सर्वात मोठी असते, आणि ती मायेपोटी असते. म्हणून नीट समजावून सांगावं. श्वासनलिका पुढे, छातीच्या बाजूला असते. अन्ननलिका तिच्या मागे, पाठीच्या बाजूला. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली येते. वर आलेलं दूध चढून श्वासनलिकेत जावं लागेल, ते सोपं नाही. पालथं केलं की हाच क्रम उलटा होतो. कुशीवर ठेवलेलं बाळ लोळून पालथं होऊ शकतं, म्हणून तोही मधला मार्ग होत नाही.

डोकं चपटं होईल ही काळजी रास्त आहे. त्यावर उपाय जागेपणी: दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ, आपण समोर बसून, बाळाला पोटावर ठेवायचं. मानही धरायला लागतं.

थंडी वाजेल म्हणून टोपी आणि तीन थर? बाळाचे तळहात-तळपाय गारच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. घरात झोपताना टोपी नको. बाळाची जादा उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर पडते.

"दिवसा कमी झोपू दिलं तर रात्री झोपेल?"

वाटी आठवा. भरलेली वाटी आणखी भरली तर पाणी सांडतं. फार दमलेलं बाळ चिडतं, रडतं, आणि त्याला झोपवणं आणखी अवघड होतं. तासाभराचा जागेपणा झाला, नजर हरवली, जांभई आली, मुठी डोळ्यांकडे गेल्या की झोपवायला घ्या. एक अपवाद: दिवसाची एकच झोप तीन तासांच्या पुढे गेली तर हळूच उठवून पाजा, म्हणजे तो लांब पल्ला रात्रीच्या वाट्याला यायची शक्यता वाढते.

"वरचं काही घातलं तर पोट भरून झोपेल?"

बाटलीतल्या दुधात पीठ किंवा भरड कालवल्याने झोप लांबते याला आधार नाही, आणि गिळताना ते घशात अडकू शकतं. सहा महिन्यांपर्यंत पाणीही नको. वर्षाच्या आत मध चाटवू नका. त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळांना बोट्युलिझम नावाचा गंभीर विषबाधेचा आजार होऊ शकतो. आणि डॉक्टरांना न विचारता झोपेचं किंवा गुंगी आणणारं कोणतंही औषध, कितीही जुन्या माहितीतलं असलं तरी, कधीच नाही.

"उचलून उचलून सवय लागेल. रडू द्यावं का?"

पहिल्या तीन महिन्यांत सवय लागण्याइतकी समज त्या मेंदूत अजून आलेली नसते. रडणं ही त्याची एकुलती एक भाषा आहे. रडू देऊन झोपायला शिकवण्याच्या ज्या पद्धती आहेत त्या चार-सहा महिन्यांनंतरच्या, नवजात बाळासाठीच्या नाहीत. बाळ पेंगुळलेलं पण जागं असताना एखादेवेळी खाली ठेवून बघायला हरकत नाही. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर उचला.

आणि संध्याकाळचं ते कशानेच न थांबणारं रडणं? १९६२ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ८० बाळांच्या आयांना रडण्याच्या नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या. माझ्यासारख्याच वह्या. रडणं आठवड्यागणिक वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमाराला दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोहोचलं आणि मग उतरत गेलं. ही निरोगी बाळं होती. तुमचं बाळ पाच-सहा आठवड्यांचं असेल आणि सगळं बिघडत चाललंय असं वाटत असेल, तर तुम्ही त्या चढाच्या माथ्यावर उभे आहात.

रडणं ऐकून डोक्यात सणक जायला लागली तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार लोटा आणि पाच मिनिटं बाहेर जा. बाळ तेवढा वेळ रडलं तर काही होत नाही. रागाच्या भरात हलवलं तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

डॉक्टरांकडे लगेच कधी?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट बघू नका. पाजण्यासाठी उठवूनही नीट उठत नाही, अंग सैल पडलंय, ओठ निळसर दिसतात, श्वास वीस सेकंद थांबतो, शांत असतानाही मिनिटाला साठच्या वर श्वास चालतात किंवा फासळ्या आत ओढल्या जातात, उलटी हिरवी होते, कातडीचा पिवळेपणा वाढतोय, पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले होतात: यातलं काहीही दिसलं तरी तसंच. "फार शहाणं आहे, सारखं झोपूनच असतं" असं नवजात बाळाबद्दल कौतुकाने बोललं जातं तेव्हा मी आधी विचारते, दूध किती वेळा पितंय?

आता मोठ्यांच्या झोपेचं

हे सगळं नीट केलं तरी बाळ किती महिन्यांनी "रात्रभर" झोपेल? कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती; वर्षाच्या बाळांमध्येही हे प्रमाण २८ टक्के होतं. त्यांच्या बौद्धिक किंवा हालचालींच्या विकासात काही उणं दिसलं नाही. शेजारचं बाळ दुसऱ्या महिन्यात झोपायला लागलं यात शेजारणीची हुशारी नाही आणि तुमचं चुकलेलंही नाही.

तेव्हा बाळाची झोप सरकेपर्यंत मोठ्यांनी रात्र वाटून घ्यावी. आमच्या घरी नऊ ते एक नवरा जागा आणि मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपलेली. पाजायची वेळ झाली तरच तो बाळाला आणून द्यायचा, ढेकर, लंगोट, चालणं सगळं त्याचं. एकनंतर माझी पाळी. सलग तीन-साडेतीन तासांची ती एक झोप मिळायला लागली आणि दिवसा माझे हात थरथरायचे ते थांबले. एकटीने बाळ सांभाळणारी असेल तर तिला हा तुकडा दुपारी कुणीतरी मिळवून द्यायला हवा. बाळाला बघायला येणाऱ्याने तासभर बाळ घेऊन बसावं आणि आईला झोपायला पाठवावं. खेळण्यापेक्षा ती भेट मोठी आहे.

आणि बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस सारखं रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर हा नुसता थकवा नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे, अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. तिने स्वतः डॉक्टरांकडे जायची वाट बघू नका. बाळ कडेवर घ्या आणि तिच्यासोबत जा.